ढेरपोट्याची उंच जाळी

धाकट्याच्या हातात कला होती, पण धीर नव्हता. कपाटं, पलंग, स्वयंपाकघरातले कप्पे करण्यात अख्ख्या वस्तीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि त्याने केलेल्या कपाटाचा शेवटचा स्क्रू घरमालकाला स्वतः आवळावा लागला नाही, असंही एक घर नव्हतं. "देवाने यांना घडवलं आणि कानस मारायची तेवढी राहून गेली," असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तो हसायचा. हसण्यावारी नेण्यात तर तो लहानपणापासून पटाईत.

पण त्या रविवारी त्याने जे केलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, आणि गंमत अशी की ते त्याने अगदी मन लावून, बापावरच्या मायेपोटी केलं होतं. वाईट मनाने केलेलं काम निस्तरता तरी येतं. मायेपोटी केलेल्या घोळाचं काय करायचं, ते कुणी शिकवत नाही.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. घराच्या पुढच्याच खोलीत, रस्त्याला तोंड करून. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, कोपऱ्यात पाण्याची मोरी. मागच्या दाराने बाहेर पडलं की फरशीचं छोटं अंगण, आणि अंगणात ढेरपोट्या. ढेरपोट्या म्हणजे कोळशाची शेगडी, पण साधीसुधी नव्हे. चांगल्या बोटभर जाडीच्या भाजलेल्या मातीची, बाहेरून हिरवीगार चकचकीत, खाली गोल पोट, वर घुमटासारखा टोप आणि मागे स्प्रिंगची बिजागरी. टोप मिटला की पाय फुटलेलं भलंमोठं अंडंच. बाबांनी साठी गाठली तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांनी मिळून ती त्यांना भेट दिली होती. आई गेल्यावर घरात चूल पेटेना झाली, ती या ढेरपोट्याने पेटवली. आठवडाभर लोकांच्या दाढ्या करायच्या आणि रविवारी मागे बसून कोंबडी भाजायची, कणसं भाजायची, आणि येईल त्याला खाऊ घालायचं, हा बाबांचा नेम झाला होता.

अलीकडे मात्र बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही. कप उचलताना बशी किणकिणायची, कुलपात किल्ली पहिल्या झटक्यात जायची नाही, इतकंच. पण ज्याच्या हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली लोकांचा गळा, त्याला "इतकंच" म्हणून कसं चालेल? हे बोलून दाखवणारी घरात एकच होती, ती म्हणजे ताई.

ताई दुसऱ्या शहरात असायची. मनाने सोनं, पण जीभ अशी की ऐकणाऱ्याने आधी खाली बसून घ्यावं. "बाबा, दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला," हे तिचं सहा महिने चाललं होतं. "उद्या कुणाला लागलं म्हणजे? आयुष्यभर कमावलेलं नाव एका दिवसात जाईल." बाबा म्हणायचे, "दुकान बंद करून तुझ्याकडे काय करू? तुझ्या नवऱ्याला टक्कल पडलंय." त्यावर भाऊजीसुद्धा हसायचे, ताई हसायची नाही.

आणि धाकटा? धाकटा दोन गल्ल्या सोडून राहायचा, आणि तो बाबांच्या बाजूने. बाबा त्या खुर्चीमागे उभे असले म्हणजेच बाबा असतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो पांघरूण घालायचा. एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीला वस्तरा लागला तेव्हा त्याने ताईला फोनवर बेधडक सांगितलं, "गिऱ्हाईकच शिंकलं, बाबा काय करणार?" कोणी शिंकलंबिंकलं नव्हतं. बाबांच्या हातावर भाजल्याचे डाग दिसले तेव्हा म्हणाला, "माझ्या हातून चहा सांडला." चहा कुठला? ते ढेरपोट्याचे चटके होते.

त्याचं असं होतं, ढेरपोट्याची जाळी बसते खोल, निखाऱ्यांच्या अगदी डोक्यावर. कोंबडी उलटायची तर हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो. हात स्थिर असेल तर काही नाही. थरथरला की बोटांची मागची बाजू तापलेल्या काठाला टेकते आणि चर्र होतं. शिवाय तिथे तुकडा बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. ताईने निरोप धाडला की येत्या रविवारी आम्ही येतोय, दिवसभर राहणार, बाबांना नीट बघणार आणि काय ते एकदाचं ठरवणार. तेव्हा धाकट्याने हिशेब मांडला. बाबा ढेरपोट्या पेटवणारच. ताईच्या डोळ्यांदेखत हात भाजून घेणार. आणि मग ताईला आणखी काय पाहिजे?

म्हणून त्याने ठरवलं, जाळी उंच करायची. काठाच्याही वर, म्हणजे बाबांचा हात आगीत जायलाच नको.

भंगारवाल्याकडून त्याने एक जुनी गोल जाळी पैदा केली. घासूनपुसून लख्ख केली. लांब स्टीलचे चार बोल्ट आणले, मोठे वायसर, नट. ढेरपोट्याची मूळची जाळी खाली, तिच्या कडेला चार बोल्ट उभे केले, आणि त्या चार पायांवर दुसरी जाळी नटांच्या मध्ये चिमटीत पकडून बसवली. छोटं टेबलच झालं. हलवून बघितलं, हूं की चूं नाही. बाबा सकाळी बाजारात गेले होते, ताईच्या मंडळींना यायला वेळ होता. धाकटा स्वतःवर भलताच खूश होऊन शीळ घालत होता.

त्याने माप घेतलं होतं, नाही असं नाही. टेप काढून टोपाच्या आतली उंची मोजली होती. पण मोजली कुठे? मधोमध. जन्मभर माणसाने काटकोनातली कपाटं केलेली. कपाटाची उंची मध्ये मोजा नाहीतर कडेला, तेवढीच भरते. टोप पडला घुमट. मध्ये ऐसपैस, आणि कडेला उतरत आलेला. बोल्ट होते कडेला, आणि नटांच्या वर त्यांची उरलेली टोकं चांगली दोन बोटं डोकावत होती. ती कापायची होती. नंतर.

टोप मिटायला गेला तर मिटेना. बोटभर फट राहिली. आता इथे दुसरं कुणी असतं तर त्याने आधी वाकून आत बघितलं असतं. धाकटा कपाटवाला. नवं दार चौकटीत अडलं की तो खांदा लावून तळहाताचा एक ठोसा देतो आणि दार गपकन बसतं. हाताला सवयच ती. त्याने टोपावर तळहात ठेवला, अंगाचा भार टाकला आणि दिला ठोसा.

खट्.

आवाज मोठा नव्हता. सुपारी फुटावी इतपतच. त्याने टोप उघडला, आतून बोट फिरवलं. बोल्टाचं टोक लागलं होतं तिथून केसासारखी बारीक चीर वरपर्यंत गेली होती. बाहेरच्या हिरव्या झिलईवर काही दिसत नव्हतं. त्याने बोटाच्या पेराने टोप वाजवून बघितला, आपण मडकं घेताना वाजवतो तसा. रोज तो टणटण बोलायचा. आज बद्द वाजला.

आता इथे थांबून कुणीही विचारेल, की बाबा रे, सांगून टाकायचं ना! "टोपाला तडा गेलाय, आज पेटवू नका." एका वाक्याचं काम. पण चूक झाल्याबरोबर माणूस शहाणा होता तर आणखी काय हवं होतं? धाकट्याने आधी घाईघाईने करवत काढली आणि बोल्टांची टोकं कापली. कानस मारून गुळगुळीत केली, आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत! कापलेले तुकडे कागदात बांधून गल्लीच्या टोकाच्या कचऱ्याच्या गाडीत टाकून आला. मग आतल्या काजळीवर तळवा घासून ती चिरेवर चोळली. चीर नाहीशी झाली. टोप मिटला, छान मिटला. "धरेल," तो स्वतःशी म्हणाला. "मातीच्या वस्तूला कुठे ना कुठे चीर असतेच. आजचा दिवस पार पडू दे. उद्या सांगू."

तेवढ्यात बाबा पिशव्या घेऊन आले. जाळी बघून जागेवरच उभे राहिले.

"हे तू केलंस?"

"हो. आता हात आत घालायला नको."

बाबांनी जाळीवरून हात फिरवला, एकेका नटाला बोट लावून बघितलं, कापलेल्या टोकावर अंगठा फिरवला. "कानससुद्धा मारलीस?" ते म्हणाले. "माझी काळजी करतोस रे तू." धाकट्याचे हात काजळीने काळे झाले होते. ते त्याने पाठीमागे धरले.

सांगायची वेळ ती होती. ती गेली.

दुपार मोठी मजेत सुरू झाली. ताई, भाऊजी आणि त्यांची लेक आली. धाकट्याच्या बायकोने बटाटे उकडून आणले होते. बाबांनी ढेरपोट्या पेटवला, आणि उंच जाळीवर कोंबडीचे तुकडे असे सोनेरी झाले की भाऊजी म्हणाले, "बाबा, दुकान बंद कराच, पण इथे खानावळ उघडा." बाबांचा हात एकदाही भाजला नाही. ताई बाजूला खुर्ची टाकून बसली होती आणि तिचा डोळा बाबांच्या हातावरून हलत नव्हता. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी सैलावत गेली. शेवटी ती धाकट्याला म्हणालीसुद्धा, "जाळी चांगली केलीस. मी उगाच घाबरत होते की काय कोण जाणे." हे ऐकून माणसाला आनंद व्हायला हवा. धाकट्याचं ध्यान टोपात. टोप उघडला की तो आत बघायचा, मिटला की कान द्यायचा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

कणसं टाकायची होती. बाबांनी निखारे फुलवले, आच वाढवली. टोप उघडला, कणसं मांडली, ताईच्या लेकीला म्हणाले, "ताट घेऊन ये गं माझ्या बाजूला." आणि टोप खाली घेताना त्यांचा हात थरथरला. मूठ सुटली. टोप धाडकन मिटला.

असा तो यापूर्वी कितीदा तरी मिटला होता. भाऊजींच्या हातून, शेजाऱ्यांच्या हातून, खुद्द धाकट्याच्या हातून. ढेरपोट्याने कधी कुरकुर केली नव्हती. या वेळी मात्र टोप उभा दुभंगला. एक फाक आत कोसळली, दुसरी घसरून फरशीवर आली आणि फुटली, निखारे अंगणभर उडाले. भाची किंचाळून मागे सरली. तापलेलं खापर तिच्या चपलेपासून हातभर अंतरावर पडलं होतं.

तिला काही झालं नाही. सगळ्यांनी आधी तेच बघितलं. भाऊजींनी तिला उचलून घेतलं, बायकोने पाण्याची बादली ओतली, वाफेचा लोट उठला. आणि तो विरला तेव्हा बाबा तसेच उभे होते. फुटलेल्या ढेरपोट्याकडे बघत नव्हते. आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, बसा."

बाबा बसले. एवढ्या वर्षांत त्यांनी ताईचं कधी इतक्या पटकन ऐकलं नव्हतं.

"जुनी वस्तू होती," धाकटा म्हणाला. "कधीतरी फुटायचीच. बाबांचा काही—"

"पुरे!" ताई म्हणाली. "पांघरूण घालू नकोस. दरवेळी घालतोस. आज माझी पोरगी होती तिथे."

"ती बरोबर बोलते," बाबा म्हणाले. "हात गेला माझा. मान्य करायला उशीर केला, झालं."

खापऱ्या भाऊजींनी झाडून पोत्यात भरल्या आणि कचऱ्यात नेऊन टाकल्या. ती उंच जाळी तेवढी सहीसलामत होती. तिचा एक नटही ढिला झाला नव्हता.

सोमवारी दुकान उघडलं नाही.

मंगळवारी मास्तर आले. बाबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, दाढीचे खुंट वाढलेले. बाबांनी त्यांना दारातच सांगितलं, "मास्तर, मी आता वस्तरा धरत नाही." मास्तर म्हणाले, "कापलंत तर कापलंत, या वयात माझ्या गालाला कोण विचारतं?" बाबा हसले, पण खुर्चीपाशी गेले नाहीत. ताई मुक्कामाला थांबली होती, सामान बांधत होती. शेजारची पार्लरवाली खुर्च्या आणि आरसा घ्यायला तयार होती. शनिवारी गाडी येणार, रविवारी बाबा ताईबरोबर जाणार, असं ठरलं.

आणि बाबा घरात चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. भात चमच्याने खायला लागले. दाराची कडी लावायला ताईला हाक मारायला लागले. हात जेवढा होता तेवढाच थरथरत होता हो! वाढला नव्हता काडीचाही. पण बाबांचा त्याच्यावरचा भरवसा उडाला होता, आणि भरवसा उडालेला हात लुळ्यापेक्षा वाईट.

धाकटा हे रोज येऊन बघत होता. रोज येताना ठरवायचा, आज सांगायचंच. चहा झाल्यावर सांगू. ताई आत गेली की सांगू. जेवण झाल्यावर सांगू. आणि तसाच घरी परतायचा. कामावर त्याने एका कपाटाचे कप्पे उलटे बसवले. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. शेवटी बायकोने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"काय गिळलंय ते ओका बघू आधी. मग जेवा."

त्याने सांगितलं. सगळं. बोल्ट, ठोसा, खट्, काजळी. सांगताना तो रडला. बायकोने डोक्याला हात लावला.

"अहो, शेगडी फुटली म्हणून कुणी मारलं असतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"माहीत नाही. बाबा इतके खूश झाले होते जाळी बघून."

"आणि आता? आता खूश आहेत?" ती उठली, पायात चपला सरकवल्या. "चला. आत्ता. माझ्यासमोर सांगायचं."

दुकानात बाबा आणि ताई दोघंही होते. आरसा भिंतीवरून उतरवला होता आणि त्याच्या जागी भिंतीचा स्वच्छ चौकोन दिसत होता. बाबा पेटीत कात्र्या ठेवत होते.

"बाबा," धाकटा म्हणाला, "ढेरपोट्या तुम्ही नाही फोडलात. मी फोडला."

बाबांनी वर बघितलं.

"सकाळीच फोडला होता. तुम्ही बाजारात होतात. बोल्ट लांब राहिले होते, टोप मिटेना, मी जोर लावला. तडा गेला. मी त्याच्यावर काजळी चोळली. तुमच्या हातून नुसता मिटला. नुसता मिटून तो कधी फुटला असता का? तुमच्या हाताचा काही संबंध नाही, बाबा."

तो धडाधड बोलत होता, वाक्यावर वाक्य. बोलून झाल्यावर भिंतीला टेकला. त्याला वाटलं, आता बाबा रागावतील. रागावू देत. मारू देत. फक्त एकदा रागावू देत.

बाबा ताईकडे बघत होते. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बघितलंस?" बाबा तिला म्हणाले. "लहानपणी बरणी फोडायचा आणि तुझं नाव सांगायचा. आता बापाने फोडलेलं स्वतःच्या अंगावर घेतोय."

"बाबा, खरंच मीच—"

"बोल्ट मी हाताने बघितले रे. आखूड होते. कानस मारलेली होती."

"ती मी नंतर मारली! तुकडे कापले आणि टाकून दिले!"

"कुठे टाकलेस?"

"कचऱ्याच्या गाडीत."

"आणि तडा?"

तडा पोत्यात गेला होता. त्याने स्वतःच तो इतका सुबक लपवला होता की आता त्यालाही सापडेना. बायको पुढे झाली, "बाबा, खरं सांगताहेत ते. माझ्यापाशी रडले."

ताईने तिचा हात हातात घेतला. "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत ना हे? मला कळतं गं. आधी गिऱ्हाईक शिंकलं, मग चहा सांडला, आता हे." ती रागावलेली नव्हती. तिने भावाला जवळ ओढलं, डोकं थोपटलं. "मी तुला किती बोलले त्या दिवशी. चुकलं माझं. बाबांना असा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

धाकट्याला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. आजवर बापासाठी बोललेलं प्रत्येक खोटं घरात खरं म्हणून खपलं होतं, आणि हे एकच खरं कुणी पदरात घ्यायला तयार नव्हतं. तो आणखी बोलला, शपथा घेतल्या, आवाज चढवला. जितका बोलला तितके बाबा मायेने मान हलवत राहिले. शेवटी त्यांनीच विषय मिटवला.

"बरं, तूच फोडलास. झालं? आता एक काम कर. माझी दाढी कर."

"मी?"

"आठवडा होत आला, केली नाही. हिच्याकडे असं खुंट वाढवून जाऊ का? आरसा उतरवलाय, आणि..." त्यांनी उजवा हात उचलून परत मांडीवर ठेवला. "तुला शिकवलं होतं की मी. विसरलास?"

शिकवलं होतं. कपाटांच्या नादी लागायच्या आधी धाकटा दोनेक वर्षं या दुकानात उभा राहिला होता. बाबा खुर्चीत बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, ज्यात ते कधी बसत नसत. धाकट्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, साबणाचा फेस केला, गालावर लावला. वस्तऱ्यात नवं पान घातलं. बाबांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली, अगदी निर्धास्त.

त्याने वस्तरा कानाजवळ टेकवला आणि त्याचा हात थरथरायला लागला. थांबवायला गेला तसा जास्तच. पातं फेसावर लटपटत होतं, खाली सुरकुतलेली कातडी आणि तिच्या आत उडणारी शीर दिसत होती.

"अरे, तुझाही थरथरतोय की," बाबा डोळे न उघडता हसले. "बापावर गेलास."

"बाबा, नको. मला नाही जमायचं."

"जमतं. मनगट कडक धरू नये. थांब."

बाबांनी कापडाखालून उजवा हात बाहेर काढला आणि धाकट्याचं मनगट धरलं. वस्तरा दोघांच्या हातात होता, पण चालवत बाबा होते. कानाकडून गालावर, गालावरून हनुवटीला, हनुवटीखाली गळ्यावर. एका लयीत, न अडखळता. धाकटा बघत राहिला. त्याच्या मनगटावरच्या त्या बोटांत थरथर नव्हती. नावालासुद्धा नव्हती.

"बाबा," तो म्हणाला. "बाबा, डोळे उघडा. तुमचा हात बघा. हा हात बघा ना!"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. शेवटची रेघ पुरी केली, मग मनगट सोडलं आणि हात परत कापडाखाली घेतला.

"बघितला रे," ते म्हणाले. "त्या रविवारी सगळ्यांनीच बघितला."